शेडमधला मोवर आणि दोन पॅनल: उन्हावर चार्जिंगच्या एका जुळणीची हकिगत

गवत कापायला अर्धा तास लागायचा आणि नंतर मोवर घरापर्यंत ढकलत आणायला दहा मिनिटं. बाग उताराची. शेड बागेच्या खालच्या टोकाला, घरापासून सुमारे ४० मीटरवर, आणि शेडमध्ये वीज नाही. मोवर जुन्या धाटणीचा, २४ व्होल्टचा: १२ व्होल्ट, १७ अँपिअर-तासांच्या दोन सीलबंद लेड-ॲसिड बॅटऱ्या सीरिजमध्ये जोडलेल्या. नुसत्या बॅटऱ्यांचंच वजन बारा किलोच्या आसपास. गवत कापून दमलेले बाबा "उद्या नेऊ चार्जिंगला" म्हणायचे, आणि त्यांचा तो उद्या तीन-चार दिवसांनी उजाडायचा.

बॅटऱ्यांची पहिली जोडी दुसऱ्या हंगामाच्या मध्यावरच बसली. नवी असताना अर्धा तास चालणारा मोवर आठ मिनिटांत धापा टाकायला लागला. खराब बॅटऱ्या मिळाल्या असं आम्हाला वाटलं, पण दोष बॅटऱ्यांचा नव्हता. लेड-ॲसिड बॅटरी वापरली की तिच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण बसतात. लगेच चार्ज केली तर ते विरघळून जागच्या जागी परततात. दिवसेंदिवस तशीच अर्धी रिकामी ठेवली तर ते कण मोठे, कडक होत जातात आणि मग चार्जर कितीही वेळ लावा, तेवढा भाग परत येत नाही. आमच्या बॅटऱ्या वापरून संपल्या नव्हत्या, वापरानंतर नुसत्या पडून राहिल्यामुळे गेल्या होत्या.

हे आधी सांगतो, कारण या सगळ्या खटाटोपाचा हेतू त्यातून ठरला. एका वेळच्या चार्जिंगला भिंतीतली वीज अर्ध्या युनिटपेक्षाही कमी लागते. तेवढी वाचवण्यासाठी कोणी पॅनल बसवत असेल तर हिशेब जुळणार नाही, हे माझं स्पष्ट मत आहे. आम्हाला हवं होतं ते एवढंच: मोवर जिथे उभा राहतो तिथेच चार्जिंग सुरू व्हावं, त्याच दिवशी, कोणी काही लक्षात न ठेवता. ४० मीटर चर खणून केबल टाकणं हाही मार्ग होता. पण वाटेत झाडांची मुळं होती आणि शेडचं पत्र्याचं छप्पर दिवसभर उन्हात तापत होतं.

आधी मोजमाप

पॅनल किती वॅटचा, हा प्रश्न सगळे पहिला विचारतात. आम्ही तो मुद्दाम मागे ठेवला आणि क्लॅम्प मीटर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा) घेऊन मोवरच्या मागे फिरलो. (डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो, साध्या एसी क्लॅम्पवर इथे शून्यच दिसतं.) पातं मोकळं फिरत असताना ९ अँपिअर, आखूड गवतात १६ ते १८, दाट ओल्या गवतात ३० च्या वर. पूर्ण बागेची सरासरी १८ धरली तर अर्ध्या तासात ९ अँपिअर-तास खर्च होतात.

पाटीवर १७ लिहिलेलं असताना ९ लाच मोवर का दमतो? तो १७ चा आकडा २० तास सावकाश, म्हणजे ०.८५ अँपिअरने वापरल्यावरचा आहे. तासाभरात रिकामी करायला गेलं तर अशी बॅटरी साठ टक्क्यांच्या आसपासच देते. जास्त करंट ओढला की हाती येणारी क्षमता घटते, हे विल्हेल्म प्यूकर्ट यांनी १८९७ मध्येच सूत्रात मांडलं होतं. पण यात एक दिलासा आहे. न मिळालेला तो भाग जळून जात नाही, बॅटरीतच राहतो. मोवर थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी व्होल्टेज पाहिलं तर २४.४ भरलं, म्हणजे बॅटऱ्या साधारण अर्ध्या भरलेल्या. त्यामुळे परत भरायचे ते १७ नाहीत, ९ च. त्यात चार्जिंगमध्ये वाया जाणारा दहा टक्के भाग मिळवून १० अँपिअर-तास.

आता पॅनल. १२ व्होल्टचा म्हणून मिळणारा ५० वॅटचा पॅनल ३६ सेलचा असतो. भर उन्हात तो साधारण १८ व्होल्टला २.८ अँपिअर देतो. असे दोन सीरिजमध्ये जोडले की ३६ व्होल्ट, करंट तोच २.८. साडेतीन-चार तास चांगलं ऊन मिळालं की १० अँपिअर-तास भरतात. शेवटी बॅटरी करंट कमी-कमी घेत जाते, म्हणून प्रत्यक्षात दिवस पूर्ण लागतो.

छपरावर १०० वॅटचे दोन पॅनल मावत होते आणि मोह तोच होतो. पण या जातीच्या बॅटरीच्या अंगावरच सुरुवातीच्या करंटची मर्यादा छापलेली असते. आमच्या बॅटरीवर ५.१ अँपिअर होती. १०० वॅटचे पॅनल ५.५ देतात. आठवड्यातून एकदा गवत कापणाऱ्याने बॅटरीच्या मर्यादेला डोकं लावण्याचं काही कारण नव्हतं. उलट २० वॅटचे दोन छोटे पॅनल लावले असते तर आठवड्यात बॅटरी भरलीच असती, पण दोन-तीन दिवस अर्धी रिकामी राहून. म्हणजे जो आजार बरा करायचा तोच थोड्या प्रमाणात चालू ठेवल्यासारखं झालं असतं. म्हणून ५० वॅटचे दोन.

पीडब्ल्यूएम की एमपीपीटी

पॅनल आणि बॅटरी यांच्यामध्ये चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर बसतो, त्याच्या या दोन जाती. कोणती घ्यावी, या प्रश्नावर फार शब्द खर्च होतात, म्हणून आमच्या आकड्यांवर तो एकदा मांडतो. पीडब्ल्यूएम कंट्रोलर पॅनलला थेट बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. वरचे व्होल्ट वाया जातात. एमपीपीटी पॅनलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर चालवून उरलेले व्होल्ट करंटमध्ये बदलून देतो. कागदावर १०० वॅटमधले पीडब्ल्यूएमला २७ (चार्ज होताना बॅटरीचं व्होल्टेज) गुणिले २.८, म्हणजे ७६ वॅट मिळतात. चोवीस टक्के नुकसान, असं वाटतं.

पण पॅनलवरचे आकडे सेलचं तापमान २५ अंश असतानाचे. तापलेल्या पत्र्यावरच्या पॅनलचे सेल ६० अंशांपर्यंत सहज जातात, आणि सिलिकॉन सेलची शक्ती दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्यांनी घटते. ३५ अंशांची वाढ म्हणजे १४ टक्के. १०० चे ८६ च उरले. एमपीपीटीची स्वतःची घट वजा करून ८२. तर फरक ८२ आणि ७६ चा. ही घट मुख्यतः व्होल्टेजमध्ये होते आणि पीडब्ल्यूएम ते व्होल्ट तसेही वापरत नव्हता, म्हणून उन्हाळ्यात त्याचं नुकसान इतकं कमी दिसतं. आम्ही साधा पीडब्ल्यूएम घेतला आणि त्याचा पश्चात्ताप झालेला नाही. थंड हवेत, मोठ्या पॅनलवर हिशेब वेगळा होईल.

थंडीबद्दल एक गोष्ट मात्र तपासावीच. बॅटरी न जोडलेल्या पॅनलचं उघडं व्होल्टेज प्रत्येकी २२, दोघांचं ४४. सेल थंड झाले की ते दर अंशाला सुमारे ०.३ टक्क्यांनी वाढतं. शून्य अंशाला ४७ च्या पुढे. आमच्या कंट्रोलरची मर्यादा ५० ची आहे. ४५ चा घेतला असता तर पहिल्याच गार, स्वच्छ सकाळी तो गेला असता.

जे चुकलं

पहिली जोडणी एका दुपारी पुरी झाली. कंट्रोलर शेडच्या भिंतीवर वर, छपराच्या जवळ. तिथून वायर खाली येऊन मोवरच्या प्लगमध्ये. कंट्रोलरचा "बॅटरी भरली" हा दिवा लगेच लागला. फारच लगेच. जुनी जोडी अजून मोवरमध्येच होती, महिनाभर पडून तिचं व्होल्टेज १७ वर आलेलं. कंट्रोलर १२ आणि २४ व्होल्ट आपोआप ओळखणारा. अशी यंत्रं साधारण १८ व्होल्टच्या खाली काही दिसलं की ती १२ व्होल्टची प्रणाली समजतात. १२ व्होल्टच्या प्रणालीत १७ म्हणजे काठोकाठ भरून वर, म्हणून त्याने चार्जिंग बंद केलं. तीन दिवस कडक ऊन पडलं आणि बॅटरीत काही गेलं नाही. दिव्यावर विश्वास ठेवला आणि मीटर लावला नाही, ही चूक माझी. सेटिंगमध्ये जाऊन २४ व्होल्ट कायमचं नेमून दिलं. आपोआप ओळखण्याची सोय असलेला कंट्रोलर असेल तर हे पहिल्या मिनिटाला करावं.

दुसरी अडचण जास्त मुळातली होती. कंट्रोलरला आधी बॅटरी जोडायची, मग पॅनल. सोडवताना आधी पॅनल, मग बॅटरी. हे त्याच्या पत्रकावर लिहिलेलं असतं आणि त्याला कारण आहे: बॅटरी हेच त्याचं बूड, तिच्यावरून तो व्होल्टेज धरून ठेवतो. बॅटरी अचानक काढली आणि पॅनल उन्हात असेल, तर त्याच्या टोकांवर पॅनलचे ४४ व्होल्ट येऊ शकतात. घरच्या छपरावरच्या जुळणीत हा क्रम आयुष्यात एकदा पाळायचा असतो. मोवरच्या बाबतीत बॅटरीच दर आठवड्याला उठून बागेत जाते! बाबांना सांगितलं, आधी भिंतीवरचा पॅनलचा स्विच पाडा, मग प्लग काढा. त्यांनी दोनदा केलं, तिसऱ्यांदा विसरले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. माणसाच्या आठवणीवर टेकलेली जुळणी ही मांडणीतलीच चूक असते.

तिसरी गोष्ट चार्जिंग सुरू झाल्यावर दिसली. "भरली" असा दिवा लागूनही दुसऱ्या सकाळी व्होल्टेज २५.७ ऐवजी २५.३ च्या पुढे जाईना. लेड-ॲसिड बॅटरी तापली की तिला कमी व्होल्टेजवर भरायचं असतं, म्हणून कंट्रोलर तापमान पाहून दर सेलमागे, दर अंशामागे ३ ते ४ मिलिव्होल्ट कमी करतो. पण तापमानाचा सेन्सर कंट्रोलरच्या पोटात आणि कंट्रोलर तापलेल्या पत्र्याखाली. तिथे ४८ अंश, खाली जमिनीवरच्या मोवरमध्ये ३३. पंधरा अंशांची चुकीची खबर आणि बॅटऱ्यांचे मिळून १२ सेल. गुणाकार केला की अर्धा ते पाऊण व्होल्ट. २८.८ वर न्यायची बॅटरी २८ च्या आसपासच सोडून दिली जात होती.

या दोन्ही दुखण्यांवर उपाय एकच निघाला: कंट्रोलर भिंतीवरून काढून मोवरवरच बसवला. बॅटरीच्या खोक्यामागे सपाट जागा होती. रबराचे वॉशर घालून तिथे आवळला, वर छोटं झाकण, खालून हवा जायला जागा. आता कंट्रोलर आणि बॅटरी कधीच वेगळी होत नाहीत. सेन्सर बॅटरीच्या शेजारी. दोघांमधली वायर फूटभर, त्यामुळे कंट्रोलरला दिसणारं व्होल्टेज आणि बॅटरीवरचं खरं व्होल्टेज यांत फरक नाही. मोवर हलवताना निघतो तो फक्त पॅनलचा प्लग, आणि पॅनल गेल्याने कंट्रोलरचं काही बिघडत नाही. रोज संध्याकाळी तेच होतं. मला या प्रकरणातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण ती कोणत्याही तयार आकृतीत मिळाली नव्हती.

त्याची छोटी किंमत आहे. कंट्रोलर स्वतः १० मिलिअँपिअरच्या आसपास खातो, दिवसाला पाव अँपिअर-तासाला थोडं कमी. पॅनलचा प्लग लावलेला असला तर नगण्य. पण प्लग न लावता मोवर दोन-अडीच महिने ठेवला तर तेवढ्यानेच बॅटरी पार रिकामी होईल. म्हणून हंगाम संपला तरी प्लग लावलेलाच राहतो.

सावलीचंही सांगायला हवं. दुपारी तीनच्या सुमारास शेजारच्या झाडाची एक फांदी डाव्या पॅनलच्या कोपऱ्यावर येत होती. तळहाताएवढी सावली, जाऊन जाऊन किती जाणार, असं वाटलं. मीटरवर करंट २.४ वरून ०.३ वर. सीरिजमध्ये सगळ्या सेलमधून एकच करंट वाहतो, एक सेल झाकला की तो वाट अडवतो. पॅनलमधला बायपास डायोड मग तो अर्धा पॅनल, १८ सेल, वगळून वाट काढून देतो. एकूण ७२ पैकी ५४ सेल उरले. तापलेल्या पॅनलचे ३१ व्होल्ट २३ वर आले. बॅटरी त्या वेळी २७ वर होती. उंच टाकी बुटक्या टाकीतून भरायची म्हटलं तर पाणी चढणार कसं? म्हणजे चतुर्थांश पॅनल गेला आणि चार्जिंग जवळपास सगळं गेलं. एमपीपीटी असता तरी सुटका नव्हती, कारण सर्वसाधारण एमपीपीटीलाही पॅनलकडून बॅटरीपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. एक पूर्ण दिवस दर तासाला सावलीच्या खुणा छपरावर खडूने काढल्या आणि पॅनल दीड मीटर उजवीकडे सरकवले. पत्रा आणि पॅनल यांत चार बोटं हवा खेळती ठेवली.

आजची जोडणी

पॅनल सीरिजमध्ये, तिथून ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल ६ मीटर खाली. जाऊन-येऊन १२ मीटरच्या तांब्यात २.८ अँपिअरला घट ०.१५ व्होल्टच्या आसपास, याहून जाड केबलची गरज नाही. भिंतीवर डीसीसाठीचा दोन पोलचा स्विच. साधा घरगुती स्विच इथे चालत नाही. एसी करंट सेकंदात अनेकदा शून्यावर येतो आणि ठिणगी विझते, डीसी शून्यावर येतच नाही, ठिणगी ताणत राहते. स्विचपासून लवचिक वायर आणि उलटा बसूच न शकणारा प्लग; वीज असलेली बाजू झाकलेल्या टोकाची. मोवरवर कंट्रोलर, त्यापुढे बॅटरीच्या प्लस टोकापासून चार बोटांच्या आत ७.५ अँपिअरचा फ्यूज. फ्यूज पॅनलसाठी नाही, बॅटरीसाठी आहे: एवढीशी बॅटरीही शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सोडते आणि बारीक वायर पेटवते.

कंट्रोलरवर "लोड" अशी दोन टोकं असतात. मोवरची मोटर तिथे जोडायचा विचारही करू नये. ती टोकं दहा-वीस अँपिअरची, मोटर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढते. मोटरची मूळ वायर, तिचा मूळ फ्यूज आणि सुरक्षेची किल्ली यांना आम्ही हात लावलेला नाही. प्लग लावण्याआधी किल्ली काढायची, हा एकच नियम आठवणीवर सोडला आहे. आणि शेडची वरची झडप उघडी, कारण सीलबंद बॅटरीही जास्त चार्ज झाली तर व्हॉल्व्हमधून हायड्रोजन सोडू शकते.

लिथियमवाल्यांनी हे उचलू नये

आजचे बहुतेक मोवर लिथियमवर चालतात आणि ही जुळणी पाहून तशीच करावीशी वाटेल. करू नका. ३६ किंवा ४० व्होल्ट म्हणून विकले जाणारे पॅक सहसा १० सेल सीरिजचे असतात. पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट, त्यापुढे धोका. पॅकच्या जास्तीच्या टोकांमधून तापमानाची आणि इतर खबर त्याच्या चार्जरला जाते. लेड-ॲसिडचा कंट्रोलर ती ऐकत नाही. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर सेलमध्ये धातुरूप लिथियम साचतं आणि आतून शॉर्ट होण्याची शक्यता तयार होते.

तिथे रस्ता लांबचा आहे: पॅनल, १२ व्होल्टची साठवण बॅटरी, शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि मोवरचा मूळ चार्जर. चालतो, पण त्यात एक चोर लपलेला आहे. ३६ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांच्या पॅकमध्ये १८० वॅट-तास मावतात. इन्व्हर्टर नुसता चालू राहिला तर ८ वॅट खातो असं धरू. चोवीस तासांत १९२ वॅट-तास. पॅकमध्ये मावते त्याहून जास्त ऊर्जा, काहीही चार्ज न करता. म्हणून इन्व्हर्टर भर दुपारी टायमरवर दोन तास चालवायचा, एरवी बंद. इथेही पॅनल वाढवण्याआधी हा खर्च मोजावा.

तिसरा हंगाम

नव्या बॅटऱ्यांची जोडी आता तिसऱ्या हंगामात आहे. सकाळी गवत कापलं तर स्वच्छ उन्हात दुसऱ्या दुपारपर्यंत बॅटरी भरते, दाट ढग असले तर तीन-चार दिवस लागतात. मोवर अजून २८ मिनिटं तरी एका दमात चालतो. कंट्रोलर भरलेल्या बॅटरीला २७.४ व्होल्टच्या फ्लोटवर, म्हणजे ती भरलेली राहण्यापुरत्या व्होल्टेजवर, धरून ठेवतो. शेडमधली उन्हाळ्यातली उष्णता अजून खटकते. २५ अंशांच्या वर दर ८ ते १० अंशांना अशा बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं असा ढोबळ नियम आहे. छपराला आतून थर्मोकोलचा थर द्यायचं काम या वर्षी करायचं आहे.

बाबा आता गवत कापून झालं की मोवर शेडमध्ये उभा करतात, किल्ली काढतात, प्लग लावतात आणि मोकळ्या हाताने वर येतात. मी महिन्यातून एकदा सकाळी ऊन यायच्या आत दोन्ही बॅटऱ्यांवर वेगवेगळा मीटर लावतो. सीरिजमधली एक मागे पडायला लागली तर ते एकूण व्होल्टेजवर उशिरा कळतं. मागच्या वेळी एकीवर १२.८६ होते, दुसरीवर १२.८३.